जवळच्या रस्त्याचे गणित

सरावलीहून पालघरला जायचे तर कोणी नकाशा उघडत नाही. बोईसर स्टेशनवर विचारले की कळते, मधे उमरोळी आणि मग पालघर. त्यात घरापासून स्टेशनपर्यंतचे अंतर मिळवायचे, झाले. शेजाऱ्याच्या आकड्यात आपला आकडा मिळवून जवळचा रस्ता काढण्याची ही रीत अमेरिकन गणिती रिचर्ड बेलमन यांनी १९५८ साली मांडली. लेस्टर फोर्ड यांची तशीच रीत दोन वर्षे आधीची, म्हणून नाव दोघांचे लागते.

बेलमन मूळचे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचे. जन्म २६ ऑगस्ट १९२०. रँड संस्थेत असताना त्यांनी डायनॅमिक प्रोग्रॅमिंग उभे केले. मोठ्या प्रश्नाचे लहान तुकडे करायचे आणि एकदा सुटलेला तुकडा पुन्हा सोडवायचा नाही, ही त्यातली युक्ती. केमोथेरपीचे औषध शरीरात कसे पसरते, याचेही गणित त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मांडले. पुढे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ते गणित, विद्युत अभियांत्रिकी आणि वैद्यक अशा तिन्ही विषयांचे प्राध्यापक झाले. असा माणूस विरळाच.

१९७३ मध्ये त्यांच्या मेंदूत गाठ निघाली. शस्त्रक्रियेने ती काढली, पण गुंतागुंत होऊन गंभीर अपंगत्व आले. तरीही उरलेल्या अकरा वर्षांत त्यांचे शंभरावर शोधनिबंध प्रसिद्ध झाले. १९ मार्च १९८४ रोजी ते गेले.

त्यांच्या रीतीवर चालणारा ‘रिप’ हा नियमसंच १९८८ मध्ये प्रमाण म्हणून नोंदला गेला. त्यात प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनी शेजाऱ्याला आपले आकडे सांगतो; १८० सेकंद काही ऐकू आले नाही तर तो रस्ता बंद धरतो. कायम जोडलेल्या तारेवर हे ठीक. पण समजा कारखाना तारापूर एमआयडीसीत, हेड ऑफिस मुंबईत आणि मधे डायल-अप. दर अर्ध्या मिनिटाला निरोप जाणार, म्हणून फोन कधी खाली ठेवलाच जात नाही आणि बिल फुगते. निरोप थांबवले तर तीन मिनिटांत मुंबईचा रस्ताच पुसला जातो; मग फाइल पाठवायची तरी कुठून? बिघाड शोधणारा मोडेम तपासत बसतो, मोडेम मात्र ठणठणीत असतो.

साधा उपाय म्हणजे तो रस्ता राउटरमध्ये हाताने कायमचा लिहून टाकणे. दुसरा, काही बदलले तरच निरोप धाडणे. त्याची रीतसर पद्धत १९९७ मध्ये आली.