एक प्रवेश-अर्ज : २८ जून १८८३

जून महिना आला, की कॉलेजच्या कार्यालयासमोरचा व्हरांडा गजबजून जातो. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो आणि या साऱ्यांच्या साक्षांकित प्रती हाती घेऊन आपण सर्वच कधी ना कधी त्या गर्दीत उभे राहिलो आहोत. अलीकडे अर्ज संगणकावर भरावा लागतो, पण मनातली धडधड काही कमी झालेली नाही. मीही प्रथम वर्ष कला वर्गासाठी असाच अर्ज भरला. रकाने भराभर भरत गेले आणि एका रकान्यापाशी मी अडले. शिक्षणात खंड पडला असल्यास त्याचे कारण द्या, असा तो रकाना होता. बारावीनंतर माझी सहा वर्षे गेली होती. लग्न झाले, मुलगी झाली, पुस्तके माळ्यावर गेली. गोष्ट एवढीच, पण ती लिहिण्याची मला लाज वाटली. घरगुती अडचण, असे दोन शब्द टाकून मी पुढे सरकले.

पुढे आठवडाभरातच डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र माझ्या हाती पडले. आनंदीबाई आपल्याला अपरिचित नाहीत. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ पासून घराघरांत वाचली गेली आहे आणि त्याच नावाचा चित्रपटही २०१९ मध्ये येऊन गेला. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक, एवढे तर शाळकरी मुलेही सांगतील. परंतु डॉक्टर होण्यापूर्वी त्यांना प्रथम वर्षाची विद्यार्थिनी व्हावे लागले आणि त्यासाठी एक अर्ज लिहावा लागला, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. त्या अर्जाची हकीगत मला येथे सांगायची आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. घराणे कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर होते आणि पत्नीपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचे, हा त्यांचा ध्यास होता. नव्हे, ते वेडच होते. ज्या काळी बाईच्या हातात पुस्तक दिसले तर घरात अशुभ घडेल असे मानीत, त्या काळी हा गृहस्थ पत्नीला चारचौघांदेखत शाळेत धाडीत असे. त्यांचे हे ऋण मोठे आहे. परंतु त्या शिकवणीत मारही होता. दहा वर्षांच्या मुलीवर लाकूड उगारले जात होते, खुर्च्या फेकल्या जात होत्या. अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी या साऱ्याची आठवण दिली आहे, आणि त्या वागण्याला चांगले म्हणावे की वाईट, हे ठरविणे आपल्याला कठीण जाते असेही सांगितले आहे. जे त्यांना ठरविता आले नाही, ते मी कोण ठरविणार? दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, इतकेच म्हणते.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत गेला. परपुरुषाला नाडी दाखविण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका त्यांनी भोवताली पाहिल्या होत्या. आपण डॉक्टर व्हावे, हा विचार या दुःखातून त्यांच्या मनात रुजला, असे चरित्रकार सांगतात.

गोपाळरावांची नोकरी बदलीची. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा संसार फिरत राहिला. त्यामुळे एका शाळेत सलग शिक्षण कसे ते झालेच नाही. १८७८ मध्ये कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली. धर्मांतराचा सल्ला तेवढा मिळाला, मदत नाही. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापून आला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर १८८० मध्ये दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोरचे जुने मासिक त्यांनी सहज उचलले आणि तीच पत्रे त्यांच्या नजरेस पडली. त्यांनी लगेच हिंदुस्थानात पत्र धाडले. पुढे आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानले.

१८८३ साली जोशी दांपत्य कलकत्त्याजवळ सेरामपूरला होते. आनंदीबाई एकट्या अमेरिकेस जाणार ही वार्ता पसरली आणि टीकेची झोड उठली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत बोलल्या. परदेशी का, एकटी का, जातीने वाळीत टाकले तर काय, कोणा स्त्रीने जे केले नाही ते तुम्हीच का करता, असे लोकांचे प्रश्न त्यांनी एकेक करून घेतले आणि प्रत्येकाला उत्तर दिले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हेही सांगितले. वय पुरते अठराही नव्हते! ७ एप्रिलला त्यांनी कलकत्ता सोडले. गोपाळराव मागे राहिले. जवळजवळ दोन महिन्यांच्या प्रवासानंतर ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि मिसेस कार्पेंटर त्यांना रोझेलला घेऊन गेल्या.

आणि मग २८ जून १८८३ रोजी तो अर्ज लिहिला गेला. फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेज हे १८५० मध्ये केवळ स्त्रियांसाठी स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय. त्याच्या कार्यकारी समितीचे चिटणीस आल्फ्रेड जोन्स यांना हे पत्र होते. आज ते फिलाडेल्फियातच, ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलेले आहे.

मित्रहो, या अर्जाला जोडण्यासारखे आनंदीबाईंजवळ काय होते? पदवी नव्हती, नावाजलेल्या विद्यालयाची वर्षे नव्हती. मिशनच्या शाळांतले तुटक तुटक शिक्षण आणि घरी पतीने करून घेतलेला अभ्यास, एवढेच गाठीला. कोणीही अशा वेळी उणे तेवढे झाकील आणि अधिक तेवढे पुढे करील. आनंदीबाईंनी तसे केले नाही. गेल्या मार्चमध्ये आपल्याला अठरा वर्षे पूर्ण झाली, हे त्यांनी सांगितले. जे शिकलो आणि ज्या भाषा येतात, ते सांगितले. आणि प्रवेशासाठी लागणाऱ्या पूर्वतयारीत आपण काहीशा कमी पडत असू, हेही स्वतःच्या हाताने लिहिले. त्यानंतर आपले म्हणणे मांडले. आप्तांचा आणि जातीचा एकवटलेला विरोध सोसून जो निश्चय आपल्याला येथवर घेऊन आला, तोच पुढेही तारून नेईल. आपण आलो आहोत ते पुरुष डॉक्टरला हात लावू देण्यापेक्षा मरण बरे मानणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी. तेव्हा नियमात थोडी सवलत द्यावी. असा त्या पत्राचा आशय आहे. त्यात विनंती आहे, पण लाचारी नाही.

अर्ज करणाराची परीक्षा होते, हे आपण जाणतो. तो वाचणाराचीही होते, हे मला येथे प्रथम कळले. समितीने नियमावर बोट ठेवून ते पत्र परत केले असते, तर तिला दोष देता आला नसता. पण तिने प्रवेश दिला आणि खर्चाचीही सोय केली. कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांनी या मुलीला मायेने जवळ केले. १८८३ च्या ऑक्टोबरात आनंदीबाईंचे नाव पटावर चढले.

पुढची वर्षे सोपी नव्हती. कडाक्याची थंडी, अंगावर साडी, आहार शाकाहारी. मध्ये घटसर्प झाला आणि प्रकृती जी ढासळली ती सावरलीच नाही. तरी अभ्यास सुटला नाही. हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले, तेव्हा गोपाळराव हजर होते आणि पंडिता रमाबाई मुद्दाम सातासमुद्रापलीकडून आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जागाही त्यांच्यासाठी सिद्ध होती. पण त्या जागेवर बसणे त्यांच्या नशिबी नव्हते. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या १८८६ च्या अखेरीस मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. बाविसावे वर्षही पुरे व्हायचे होते. त्यांची रक्षा मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत, त्यांच्या मावशीच्या कुटुंबाच्या जागेत, ती विसावली आहे.

मग हा सारा खटाटोप वाया गेला काय? हा प्रश्न मला पुस्तक मिटताना पडला होता. ज्या रुग्णांसाठी त्या शिकल्या, त्यांची सेवा त्यांच्या हातून घडली नाही, हे खरे आहे आणि ते गोड बोलून लपविता येणार नाही. पण ते पत्र गेले आणि एक दार उघडले, हेही तितकेच खरे. त्यांच्यानंतर परदेशी जाऊन वैद्यक शिकू पाहणाऱ्या मुलीला, असे कोणा बाईने केले आहे काय, हा प्रश्न पुन्हा कोणी विचारू शकले नाही.

आता माझ्या अर्जाचे. काही दिवसांनी कार्यालयाने खंडाबद्दल प्रतिज्ञापत्र मागितले. कचेरीबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाजवळ मजकूर तयारच असतो. त्याने प्रकृतीच्या कारणास्तव, असे टंकून कागद माझ्यापुढे सरकवला. सगळे असेच देतात, कोणी काही विचारीत नाही, अशी त्याने ग्वाहीही दिली. मी तो कागद परत केला आणि नवा करायला लावला. माझे लग्न झाले, मला मूल झाले, म्हणून शिक्षण थांबले. आता मला पुढे शिकायचे आहे, असे त्यात लिहवून घेतले. दुसऱ्यांदा टंकण्याचे पैसे पडले, ते दिले.

कार्यालयातल्या बाईंनी तो कागद वाचला, एकदा वर पाहिले आणि शिक्का मारला. आपल्या वर्गात माझ्याहून लहान मुलीच अधिक आहेत. पण माझ्याहून मोठ्या वयाची, माळ्यावर पुस्तके ठेवून बसलेली कोणी बहीण, वहिनी, शेजारीण तुमच्या ओळखीची असेल, तर तिला अठराशे त्र्याऐंशीच्या त्या अर्जाची हकीगत जरूर सांगा. अर्ज भरण्याची मुदत दरवर्षी येते.

— एक विद्यार्थिनी, प्रथम वर्ष कला