विष्णुशास्त्री चिपळूणकर : राजीनामा आणि त्यानंतर

मागील घटकात आपण 'निबंधमाले'चा परिचय करून घेतला. आता तिच्या कर्त्याच्या आयुष्यातील एका निर्णयाकडे वळू. १८७९ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतील शिक्षकाची नोकरी सोडली.

त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरी म्हणजे प्रतिष्ठा आणि आयुष्यभराची निश्चिंती. विष्णुशास्त्र्यांच्या घरी तर ती परंपराच होती. वडील कृष्णशास्त्री शिक्षणखात्यात मोठ्या पदावर होते आणि तेथे राहूनच त्यांनी मोलाची ग्रंथरचना केली. मुलगा १८७२ मध्ये बी.ए. झाला, पुण्यात शिक्षक झाला आणि जानेवारी १८७४ मध्ये त्याने 'निबंधमाला' सुरू केली. दिवसभर वर्ग घ्यायचे आणि उरलेल्या वेळात मासिकाचा जवळजवळ सगळा मजकूर एकट्याने लिहायचा, असा हा क्रम काही वर्षे चालला. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना त्यातील ओढाताण वेगळी सांगायला नको.

पण जाच केवळ वेळेचा नव्हता. वडिलांमागून त्यांच्याकडे आलेल्या 'शालापत्रका'तून त्यांनी ख्रिस्ती धर्मप्रसारकांवर टीका केली. ती सरकारला रुचली नाही आणि १८७५ मध्ये ते पत्र बंद झाले. पुढे त्यांची बदली रत्नागिरीस झाली. 'माले'तील लेखनामुळेच ती झाली असे सामान्यतः मानले जाते. रेल्वे नसलेल्या त्या काळात रत्नागिरी म्हणजे पुण्यातील छापखान्यापासून आणि मित्रमंडळापासून फार दूरचे गाव. १८७८ मध्ये वडील वारले. घराचा आधार गेला असताना पगारही सोडायचा, हा विचार सोपा नव्हता. तरी पुढच्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या डॉ. जॉन्सनच्या 'रासेलस'चे मराठी भाषांतर चिपळूणकर पितापुत्रांनी केले आणि ज्याच्यावर विष्णुशास्त्र्यांनी 'माले'त विस्ताराने लिहिले, तो जॉन्सनही श्रीमंत आश्रयदात्याला खडसावणारा आणि लेखणीवर पोट भरणारा ग्रंथकार होता. आपल्या आवडत्या लेखकाच्या चरित्रात माणूस पुष्कळदा स्वतःची वाट शोधत असतो.

यापुढील घटना भराभर घडल्या. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. टिळक प्रारंभापासून सोबत होते. आगरकर मागाहून आले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे निघाली. शाळा, वृत्तपत्र आणि छापखाना आता त्यांच्या मंडळाच्या हाती होते.

तथापि वाङ्मयाच्या अभ्यासकाने अधिक लक्ष द्यावे ते 'माले'तील अखेरच्या 'आमच्या देशाची स्थिती' या निबंधाकडे. इंग्रजी राज्य हे वरदान आहे, या सुशिक्षितांच्या समजुतीवर त्यात थेट आघात आहे. परतंत्रतेने माणसाची बुद्धी आणि हिंमत कशी खचते, हे सांगताना लेखक स्वतः सोडून आलेल्या जगाकडे मागे वळून पाहत आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही. पगारदार शिक्षकाला हा निबंध छापता आला नसता. सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली, ती १९३७ पर्यंत उठली नाही.

मात्र ही निर्भय दृष्टी सर्व दिशांना वळली नाही. जोतीराव फुल्यांच्या ग्रंथांवर लिहिताना शास्त्रीबुवा व्याकरणाच्या चुकांत आणि उपहासात रमले. आपल्याला सलणारी पारतंत्र्याची बेडी त्यांनी नेमकी ओळखली. जातीची बेडी ज्यांच्या पायात होती त्यांच्या दुःखाकडे त्यांचे लक्ष गेले नाही. त्यांच्या स्वातंत्र्यविचाराचे मूल्यमापन करताना ही मर्यादा बाजूला ठेवता येत नाही.

या मोकळेपणाची जेमतेम अडीच वर्षे त्यांच्या वाट्याला आली. १७ मार्च १८८२ रोजी, वयाची बत्तीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा 'केसरी' सव्वा वर्षाचा होता आणि शाळेचे तिसरे वर्ष चालू होते.