स्वतःकडे एकही डिग्री नव्हती, पण मुंबई विद्यापीठात नवा विभाग उभा केला: पॅट्रिक गेडिसची गोष्ट

सध्या विद्यापीठांमध्ये एका विषयाची चलती आहे. शाश्वत विकास. या विषयाचे कोर्स निघतायत, डिग्र्या निघतायत. ते शिकवायला फक्त प्राध्यापक पुरत नाहीत, म्हणून इंजिनिअर, वास्तुविशारद, शेतीतले जाणकार, पाण्यावर काम करणारे, उद्योगातले लोक असे वेगवेगळ्या क्षेत्रांतले व्यावसायिक मार्गदर्शनाला बोलावले जातात. यूजीसीने २०२२ मध्ये तर प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस नावाची सोयच करून दिली. तुमच्याकडे दांडगा अनुभव असेल, तर पीएचडी नसली तरी विद्यापीठात शिकवता येतं.

आता वाटेल की ही सगळी नव्या जमान्याची कल्पना आहे. पण शंभर वर्षांपूर्वी एक माणूस स्कॉटलंडहून भारतात आला होता. तो मूळचा जीवशास्त्रज्ञ. काम करायचा शहरांच्या नियोजनाचं. मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झाला समाजशास्त्राचा. आणि त्याच्या स्वतःच्या हातात कुठल्याही विद्यापीठाची पदवी नव्हती.

त्याचं नाव पॅट्रिक गेडिस.

सूक्ष्मदर्शक सुटला आणि शहर दिसायला लागलं

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, म्हणजे गांधीजींच्या जन्मतारखेचाच. गाव स्कॉटलंडमधलं बॅलटर. वडील सैन्यात होते. लहानपण पर्थ नावाच्या गावात, बागेत आणि टेकड्यांवर गेलं.

कॉलेजचं वय झाल्यावर एडिनबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राला नाव घातलं आणि आठवड्याभरात सोडून दिलं. मग लंडन गाठलं. तिथे थॉमस हक्सले शिकवत होते. डार्विनचा उत्क्रांतीचा सिद्धांत लोकांपर्यंत नेणारे ते हेच हक्सले. गेडिस त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले, पण परीक्षा देऊन पदवी घ्यायच्या भानगडीत पडले नाहीत.

पुढे फ्रान्समध्ये त्यांना फ्रेडरिक ल प्ले या विचारवंताचं काम समजलं. हे गृहस्थ शिक्षणाने खाणकाम इंजिनिअर होते आणि कुटुंबांचा अभ्यास करत होते. माणूस कुठे राहतो, काय काम करतो आणि त्याचं कुटुंब कसं आहे, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय समाज कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. गेडिस यांनी ही तीन टोकं आयुष्यभर सोडली नाहीत. ठिकाण, काम आणि माणसं.

१८७९ मध्ये ते संशोधनासाठी मेक्सिकोला गेले आणि तिथे मोठा घात झाला. डोळे गेले. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागलं. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकात तासन् तास डोळा लावून बसायचं काम कायमचं अवघड झालं. जीवशास्त्रज्ञासाठी हा करिअरचा शेवटच होता.

अंधारात बसून त्यांनी एक सवय लावून घेतली. खिडकीच्या तावदानांचे चौकोन बोटांनी चाचपायचे आणि एकेका चौकोनात एकेक विषय मांडून त्यांचं एकमेकांशी काय नातं आहे याचा विचार करायचा. पुढे कागदाला घड्या घालून ते असेच तक्ते करायचे. विषय वेगळे असले तरी त्यांच्या रेघा एकमेकांना कुठे छेदतात, हे शोधणं हा त्यांचा धंदाच झाला.

लग्न करून राहायला गेले झोपडपट्टीत

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झालं. ॲना लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याची मुलगी. या जोडप्याने एडिनबराच्या जुन्या भागात, जिथे पडक्या इमारतींत गरीब कुटुंबं दाटीने राहत होती, तिथेच बिऱ्हाड थाटलं. भिंतींना रंग दिला, मोकळ्या जागेत झाडं लावली, शेजाऱ्यांना सोबत घेतलं. सगळं पाडून नवं बांधायचं नाही, जे आहे ते दुरुस्त करायचं, हा धडा तिथलाच.

त्याच भागात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. त्याचा कारभार विद्यार्थीच बघायचे.

१८८८ मध्ये एडिनबराच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकपदाने हुलकावणी दिली. मग डंडीच्या कॉलेजात जागा मिळाली, तीही फक्त उन्हाळ्याच्या सत्रापुरती. बाकीचं वर्ष मोकळं. गेडिस यांनी ही अडचण संधी मानली. दरवर्षी ते एडिनबरात उन्हाळी वर्ग भरवायचे. तिथे भूगोलाचे एलिझे रक्लू यायचे, प्राणिशास्त्राचे अर्न्स्ट हेकेल यायचे. एकाच वर्गात वेगवेगळ्या विषयांची माणसं, आणि दुपारी सगळे बाहेर, डोंगरावर नाहीतर गल्लीत.

१८९२ मध्ये त्यांनी आउटलुक टॉवर नावाची इमारत हातात घेतली. सगळ्यात वरच्या मजल्यावरून शहर बघायचं आणि मग एकेक मजला उतरत शहर, देश, युरोप आणि जग समजून घ्यायचं, अशी तिची रचना होती.

नदीचा नकाशा आणि हिमायतनगर

गेडिस यांची सगळ्यात गाजलेली कल्पना म्हणजे नदीच्या खोऱ्याचा छेद. डोंगरापासून समुद्रापर्यंत एक रेघ काढायची. वर खाणकामगार आणि लाकूडतोडे, मग शिकारी, मेंढपाळ, कोरडवाहू शेतकरी, खाली बागायतदार आणि शेवटी मच्छीमार. प्रत्येकाचं काम जमीन आणि पाणी ठरवतं. आणि वरच्याने जे केलं, ते खालच्याला भोगावं लागतं.

ही कल्पना समजायला युरोपात जायची गरज नाही. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरात उभं राहिलं तरी पुरे. तालुक्याच्या उत्तरेला पैनगंगा, पलीकडे यवतमाळ. ही नदी बुलढाण्याच्या बाजूला अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, पुढे वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगेची प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. डोंगरातलं जंगल तुटलं, वर धरण झालं किंवा काठावरून वाळू उपसली, तर खालच्या गावाच्या विहिरीवर आणि पिकावर परिणाम होतो. हा प्रश्न फक्त इंजिनिअरचा नाही, फक्त शेतीतज्ज्ञाचा नाही आणि फक्त तहसीलदाराचाही नाही. गेडिस यांचं सगळं म्हणणं एवढंच होतं की या सगळ्यांनी एकाच नकाशाभोवती बसावं.

जहाज बुडालं, तरी भारतात आले

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना भारतात बोलावलं. शहरांविषयीचं त्यांचं मोठं प्रदर्शन, वर्षानुवर्षं जमवलेले नकाशे आणि चित्रं, क्लॅन ग्रँट नावाच्या जहाजातून निघालं. पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवलं. आयुष्याची कमाई समुद्राच्या तळाशी गेली.

मित्रांनी धावपळ करून नवे नकाशे जमवले, पाठवले आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन लागलंच.

यानंतर गेडिस भारतभर फिरले. मद्रास आणि मुंबई इलाख्यातली गावं, लाहोर, ढाका, लखनऊ, बडोदा, अशा अनेक ठिकाणांचे अहवाल लिहिले. त्या काळी सुधारणा म्हणजे जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायचा आणि मध्ये येतील ती घरं पाडायची. गेडिस आधी पायी फिरायचे. विहीर कुठे, देऊळ कुठे, सावलीचं झाड कुठे, बायका पाणी कुठून आणतात, हे बघायचे. मग एखादं पडीक घर काढून चौक मोकळा करायचा, गल्ली थोडी वळवायची, तलाव बुजवण्याऐवजी साफ करायचा, असं सुचवायचे. लोक बेघर होत नाहीत आणि खर्चही कमी येतो, हा त्यांचा हिशोब.

अधिकाऱ्यांना हा हिशोब फारसा पटला नाही. त्यांचे बरेचसे अहवाल कपाटात राहिले.

१९१७ हे वर्ष तर त्यांच्यासाठी काळं ठरलं. मोठा मुलगा ॲलॅस्डेअर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ॲना तेव्हा भारतातच आजारी होत्या. गेडिस यांनी ही बातमी पत्नीपासून लपवून ठेवली. काही आठवड्यांत ॲनाही गेल्या.

इंदूरची दिवाळी

तरी काम थांबलं नाही. तेव्हा इंदूरच्या होळकर दरबाराने त्यांना बोलावलं होतं. शहरात प्लेग होता. शहर सुधारणारा साहेब म्हणजे घर पाडायला आलेला माणूस, असं समजून लोक त्यांच्याकडे संशयाने बघत होते.

गेडिस यांनी वेगळाच डाव टाकला. दिवाळीत मोठी मिरवणूक काढायचं ठरलं आणि जाहीर केलं की जो भाग सगळ्यात स्वच्छ असेल, त्या भागातून ती जाणार. लोक घरं आणि गल्ल्या साफ करायला लागले. मिरवणुकीत रोगराईचे राक्षस होते, प्लेगचा भलामोठा उंदीर होता. आणि त्यांच्या मागून स्वच्छ कपड्यांत, हारतुरे घातलेले सफाई कामगार होते. ज्यांना गावाने कायम लांब ठेवलं, त्यांना त्या दिवशी मानाची जागा मिळाली. शेवटी रावण जाळतात तसा घाणीचा राक्षस जाळला.

१९१८ मध्ये त्यांचा इंदूरचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात नदी, घरं, गटारं, बागा तर आहेतच, पण विद्यापीठ कसं असावं यावरही भरपूर लिहिलंय. पाठांतर आणि परीक्षेवर चालणारं विद्यापीठ त्यांना नको होतं. शहराचे खरे प्रश्न हाच अभ्यासक्रम व्हावा, असं त्यांना वाटत होतं.

हेच इंदूर २०१७ पासून सलग अनेक वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिलं आलं. याचं श्रेय थेट गेडिस यांना देता येणार नाही, पण योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मुंबई विद्यापीठ आणि मालवणचा विद्यार्थी

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू केला. पहिले प्राध्यापक म्हणून गेडिस यांना नेमलं. वय ६४. शिकवायची पद्धत जगावेगळी. नोट्स द्यायचे नाहीत, बोलायचे दाढीतल्या दाढीत, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारायचे. परीक्षेची तयारी करणाऱ्यांची पंचाईत व्हायची. पण ते मुलांना शहर बघायला लावायचे.

या वर्गात मालवणचा एक तरुण होता. संस्कृतचा हुशार विद्यार्थी. मुंबई शहरावर त्याने लिहिलेला निबंध गेडिस यांना आवडला आणि त्यांच्या शिफारशीमुळे तो शिकायला इंग्लंडला गेला. केंब्रिजची पीएचडी घेऊन परतला आणि १९२४ मध्ये त्याच विभागाची सूत्रं त्याच्याकडे आली. तो तरुण म्हणजे गोविंद सदाशिव घुर्ये. भारतीय समाजशास्त्राचा पाया घालणारे म्हणून ते ओळखले जातात. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास त्यांचेच विद्यार्थी.

मजा बघा. घुर्ये यांनी गुरूची वाट जशीच्या तशी धरली नाही. त्यांचा ओढा जात, धर्म आणि ग्रंथांकडे होता. विभाग वाढला, नावाजला, पण शहर आणि नदीचा नकाशा हळूहळू मागे पडला.

निजामाच्या विद्यापीठाची जागा

मराठवाड्याशी गेडिस यांचा धागा जुळतो तो इथे. तेव्हा नांदेड, हिमायतनगर, लातूर हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं, पण भाड्याच्या जागेत. कायमची जागा शोधायला गेडिस यांना बोलावलं गेलं. त्यांनी वेगवेगळ्या जागांची पाहणी करून १९२३ मध्ये अहवाल दिला. पुढे विद्यापीठ उभं राहिलं ते हैदराबादच्या अडिकमेट भागात.

१९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू होईपर्यंत आपल्याकडच्या कितीतरी पोरांना उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावं लागायचं. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तर १९९४ चं. म्हणजे हिमायतनगरच्या मुलासाठी जवळचं विद्यापीठ यायला उस्मानियानंतर ७६ वर्षं लागली.

शेवट फ्रान्समध्ये

तब्येत साथ देईना, म्हणून १९२४ मध्ये गेडिस यांनी भारत सोडला. फ्रान्समधल्या माँपेलिए इथे त्यांनी पुन्हा एक कॉलेज काढलं. ओसाड टेकडीवर बाग केली आणि वेगवेगळ्या देशांच्या विद्यार्थ्यांना राहायला बोलावलं. त्याच काळात तेल अविव शहराचा आराखडाही केला. १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने दिलेला सर हा किताब त्यांनी स्वीकारला. याआधी एकदा त्यांनी तो नाकारला होता. त्यानंतर काही आठवड्यांतच, १७ एप्रिल १९३२ रोजी, ते माँपेलिएतच गेले.

गेडिस यांच्या योजनांपैकी थोड्याच प्रत्यक्षात आल्या. ते अनेक कामं सुरू करायचे आणि शेवटाला नेणं दुसऱ्यांवर सोडायचे, हा दोष त्यांच्या मित्रांनाही दिसायचा. शिवाय बोलावणारे गव्हर्नर आणि राजे होते. त्यांची मर्जी असेल तोवरच काम चालायचं.

पण आज शाश्वत विकासाची डिग्री घडवताना जो प्रश्न विद्यापीठांसमोर आहे, तो त्यांनी तेव्हाच हातात घेतला होता. बाहेरचे जाणकार फक्त उद्घाटनाला आणि व्याख्यानाला बोलवायचे, की अभ्यासक्रम ठरवताना त्यांना टेबलावर जागा द्यायची? आणि जाणकार म्हणजे फक्त कंपनीतला साहेब, की पैनगंगेच्या काठावर चाळीस पावसाळे पाहिलेला शेतकरीसुद्धा? गेडिस यांच्या नकाशात मेंढपाळ, शेतकरी आणि मच्छीमार होते. इंदूरच्या मिरवणुकीत सफाई कामगार होते. आपल्या विद्यापीठांच्या सल्लागार समितीत यातलं कोण आहे, हे एकदा तपासून बघायला हरकत नाही.