मसाल्यांचा वैद्य, मुंबईचा खंडकरी

वर्षातून दोनदा फळणारे आंब्याचे झाड साडेचारशे वर्षांपूर्वी मुंबईत होते. त्याची नोंद करणारे गार्सिया द ओर्ता हेच त्या झाडाचे आणि मुंबई बेटाचेही खंडकरी होते. पोर्तुगीजांनी १५५४च्या सुमारास हे बेट त्यांना खंडाने दिले होते.

ओर्ता यांचा जन्म पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हीद या गावी, स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यू कुटुंबात झाला. पोर्तुगालमध्येही ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले होते. वैद्यक शिकून लिस्बनला अध्यापन करणारे ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आले, ते कायमचेच. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्यांनी उपचार केले.

त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. विद्वानांची लॅटिन सोडून तो पोर्तुगीजमध्ये, संवादरूपात लिहिलेला आहे. हिंग, हळद, वेलची, नारळ, फणस, विड्याचे पान अशा कितीतरी वस्तूंची त्यात चर्चा आहे. दालचिनी अरबस्तान वा इथिओपियात होते, ही युरोपातील जुनी समजूत. माल त्या वाटेने येई, एवढाच तिला आधार! उत्तम दालचिनी ही सिलोनमधील झाडाची साल, हे ओर्ता यांनी ठामपणे मांडले. युरोपात असतो तर ग्रीक आचार्यांना खोडून काढण्याचे धाडस झाले नसते, अशी कबुलीही त्यांनी दिली. ऐकीव माहितीपेक्षा डोळ्यांनी पाहिलेले आणि इथल्या वैद्यांकडून, व्यापाऱ्यांकडून पडताळलेले त्यांना अधिक मोलाचे वाटे. अर्थात तेही चुकले. काळी आणि पांढरी मिरी वेगवेगळ्या वेलींची, असे त्यांनी लिहिले. प्रत्यक्षात वेल एकच.

क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये ग्रंथाचा लॅटिन सारांश काढला आणि तो युरोपभर पोहोचला. पुढच्याच वर्षी ओर्ता गोव्यात निवर्तले.

गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले होते. हयातीत ओर्ता त्याच्या तावडीतून सुटले. मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५६९ मध्ये बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले. नातलगांच्या जबान्यांतून ओर्ता यांच्यावरही तोच ठपका आला. अखेर १५८० मध्ये त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या.

पणजीत चर्चसमोरच्या उद्यानाला त्यांचेच नाव देण्यात आले.