जीपमागचा माणूस : कैलासचंद्र महिंद्रा

महिंद्रा हे आडनाव आपण रोज गाड्यांच्या पाठीवर वाचतो. ते मुळात ज्यांचं, त्या माणसांविषयी मात्र फारसं कोणी बोलत नाही. मलाही ही माहिती एका जीपमुळेच झाली. फरीदाबादला आमच्या घराच्या पोर्चमध्ये लष्कराने निकालात काढलेली, १९६७ सालची सीजे-३बी जीप गेली साडेतीन वर्षं उघडी पडली आहे. सुट्टीच्या दिवशी तिच्यावर काम करायचं आणि संध्याकाळी हात धुऊन तिच्याविषयी वाचायचं, असा क्रम सुरू झाला. त्यात कैलासचंद्र महिंद्रा भेटले. मराठी पानासाठी काही लिहा असा निरोप आला, तेव्हा कॅडेट मित्रांना त्यांच्याविषयीच सांगावं असं ठरवलं.

कैलासचंद्रांचा जन्म १८९४ मध्ये लुधियान्याचा. घरात नऊ भावंडं. सर्वांत थोरले जगदीशचंद्र, जन्म १८९२. वडील लवकर गेले आणि घराचा भार जगदीशचंद्रांवर आला. मुंबईत, आज आपण जिला व्हीजेटीआय म्हणतो त्या संस्थेत ते शिकले आणि पुढे टाटांच्या पोलाद कंपनीत नोकरीला लागले. भावंडांचं शिक्षण थांबू द्यायचं नाही हा त्यांचा हट्ट होता. कैलासचंद्र लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात आणि नंतर थेट केंब्रिजला शिकले ते या हट्टामुळे. चरित्र धाकट्याचं लिहायला घेतलं तरी थोरल्याला बाजूला ठेवता येत नाही. मोठ्या भावाच्या किंवा बहिणीच्या पाठबळावर इथवर आलेले कॅडेट आपल्या शाळेतही असतील, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

केंब्रिजहून परतल्यावर कैलासचंद्रांनी कलकत्त्याच्या मार्टिन कंपनीत नोकरी धरली. कलकत्त्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल बांधणारी ती हीच कंपनी. तिचे प्रमुख सर राजेंद्रनाथ मुखर्जी हे त्या काळातले फार मोठे भारतीय अभियंते आणि उद्योजक होते. कैलासचंद्रांनी पुढे १९३३ मध्ये त्यांचं चरित्रच लिहिलं. ज्याच्या हाताखाली काम केलं त्याच्यावर पुस्तक लिहावंसं वाटणं ही मला लहान गोष्ट वाटत नाही. भारतीय माणूस मोठा कारखाना उभारू शकतो, चालवू शकतो आणि इंग्रज व्यापाऱ्याशी बरोबरीने व्यवहार करू शकतो, हे त्यांनी रोज जवळून पाहिलं होतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. थोरले भाऊ भारत सरकारचे पहिले स्टील कंट्रोलर झाले आणि धाकटे इंडिया सप्लाय मिशनचे प्रमुख म्हणून अमेरिकेत गेले. एका घरातला एक भाऊ देशातल्या पोलादाचा हिशेब ठेवतोय आणि दुसरा समुद्रापलीकडून सामान मिळवतोय! लढाई आघाडीवर होते एवढंच आपल्या डोळ्यांपुढे असतं. पण आघाडीवरचा जवान ज्या गोळ्या झाडतो, ज्या गाडीतून जातो, जे डबाबंद अन्न खातो, ते सगळं कुणीतरी मागवलेलं, मोजलेलं आणि जहाजावर चढवलेलं असतं. आपल्या सेनादलांत यासाठी स्वतंत्र कोअर आहेत हे तुम्हाला माहीत आहेच.

अमेरिकेत त्यांची गाठ बार्नी रूस या अभियंत्याशी पडली. जीपचा जनक म्हणून कंपनीच्या इतिहासात रूस यांचं नाव दिलं जातं. माझं मत थोडं वेगळं आहे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना हलकी टेहळणी गाडी बनवून द्या म्हणून कळवलं. नमुना गाडी देण्यासाठी मुदत होती ४९ दिवसांची. ती मुदत पाळली बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीने, आणि आराखडा काढला कार्ल प्रॉब्स्ट यांनी. तेव्हा जन्मदात्याचा मान प्रॉब्स्ट यांना द्यायला हवा. पण जीपला बळ दिलं ते रूस यांनी, यात वाद नाही. स्टुडबेकर कंपनीत मुख्य अभियंता राहिलेले रूस विलीज कंपनीत आले, तेव्हा तिथलं चार सिलिंडरचं इंजिन ४८ अश्वशक्तीचं होतं आणि फारसं टिकत नसे. त्यांनी ते तासन्‌तास पूर्ण वेगाने चालवायचं, काय तुटतं ते बघायचं आणि तेवढा भाग सुधारायचा, असं करत करत तेच इंजिन ६० अश्वशक्तीवर नेलं. आकार तोच, सुमारे २२०० सीसी.

त्यापुढची अडचण वजनाची होती. लष्कराने मर्यादा घातली २१६० पौंडांची, म्हणजे सुमारे ९८० किलो. विलीजचा नमुना भरला सुमारे ११०० किलो. दणकट इंजिन काढून हलकं बसवणं हा सोपा मार्ग होता. रूस यांनी तो घेतला नाही. गाडी पूर्ण खोलून एकेक भाग तपासला, बोल्ट जरुरीपेक्षा लांब असेल तर कापला, रंगाचा हातसुद्धा एकच द्यायचा असं ठरवलं. जुलै १९४१ मध्ये विलीजला १६,००० गाड्यांची ऑर्डर मिळाली. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या.

मी हे वाचलं तेव्हा आमच्या जीपचा रंग खरवडत होतो. वर पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली पुट्टीचा जाड थर आणि सर्वांत तळाशी लष्करी हिरवा. पुढच्या बंपरवर हिरव्याखाली युनिटच्या आकड्यांची पुसट खूण निघाली. ती मी खरवडली नाही, फोटो काढून तशीच ठेवली. मधल्या मालकांनी चढवलेला तो सगळा ऐवज पोत्यात भरून वजन केला तर रूस साहेबांना झोप लागली नसती.

युद्ध संपताच, २ ऑक्टोबर १९४५ रोजी, दोघा भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह कंपनी काढली. नाव महिंद्रा अँड मोहम्मद. गुलाम मोहम्मद हे लाहोरचे, सरकारी हिशेब खात्यात मुरलेले अधिकारी. सुरुवातीचा धंदा पोलादाचा होता. पण कैलासचंद्रांच्या डोक्यात अमेरिकेत पाहिलेली ती गाडी होती. या देशात रस्ते कमी आणि नदी-नाले, चिखल, वाळू, घाट जास्त. जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जाणारी गाडी इथे जितकी उपयोगी, तितकी ती अमेरिकेतही नाही, हे त्यांनी ओळखलं. १९४७ मध्ये मुंबईत, माझगावला, जीपची जुळणी सुरू झाली. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि इथले कामगार गाडी उभी करायचे.

त्याच वर्षी देशाची फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा असं करण्यात आलं. दोन्ही नावांत पहिली अक्षरं तीच राहिली. दोन घरांनी मिळून सुरू केलेला संसार अशा रीतीने मोडला. महिंद्रांचं मूळ गाव पंजाबातलं, शिक्षण लाहोरचं, तेव्हा ही घटना त्यांना केवळ कागदावरची वाटली नसणार. गुलाम मोहम्मद पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले आणि १९५५ च्या प्रजासत्ताक दिनाला आपले प्रमुख पाहुणे म्हणून दिल्लीत आले. राजपथावर संचलन झालेलं ते पहिलंच वर्ष.

गाडी आपल्या देशात बनणं का महत्त्वाचं, हे १९४८ च्या काश्मीर युद्धाने दाखवून दिलं. सैन्याला जीप हव्या होत्या म्हणून लंडनमध्ये जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपचा सौदा झाला. त्यांतल्या १५५ भारतात पोहोचल्या आणि त्याही वापरण्याजोग्या निघाल्या नाहीत. संसदेत त्यावर बराच गदारोळ झाला. परक्याच्या गुदामावर विसंबलेलं सैन्य कसं अडतं, याचं इतकं जवळचं उदाहरण मला दुसरं आठवत नाही. माझगावच्या शेडमधलं काम त्यामुळे नुसता धंदा राहिलं नाही. हळूहळू पेट्यांतून येणारे भाग कमी आणि इथे घडवलेले भाग जास्त होत गेले.

आमची सीजे-३बी ही त्याच वाटेवरची गाडी. तिचं बॉनेट युद्धातल्या जीपपेक्षा उंच दिसतं, त्याचं कारण इंजिनात आहे. जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी होते. नव्यात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला, धूर बाहेर टाकणारा खालीच ठेवला. श्वास मोकळा झाला आणि ताकद वाढली, पण इंजिन उंच झालं. मग बॉनेट वर उचलावं लागलं. गिअर तीनच. शेजारी दोन आखूड दांडे : एक पुढच्या चाकांना जोर देण्यासाठी, दुसरा हाय-लोसाठी. माझ्या मुलाने गेल्या सुट्टीत ट्रान्सफर केस स्वतः उघडून, धुऊन, पुन्हा जोडला. त्यात इलेक्ट्रॉनिक काहीही नाही. जे बिघडलं ते डोळ्यांना दिसतं, ही या गाडीची मोठी शिकवणी.

सुट्या भागांसाठी आम्ही पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीला जातो. लष्कराच्या निकाली गाड्यांचे एक्सल, गिअरबॉक्स, कमानपाटे तिथे ढिगाने पडलेले असतात. कबाडी किंमत तोंड बघून सांगतो. सोबत जाणता मिस्त्री असला की निम्म्यावर येतो. रबरी आणि बारीक सामान काश्मिरी गेटला मिळतं. एका वर्कशॉपने इंजिन ब्लॉक सहा महिने अडकवून ठेवला आणि बोअर न करताच परत दिला, तेव्हा मात्र मी दुसरा लेथवाला शोधला.

रस्त्याचा प्रश्न वेगळाच. दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागात जुन्या पेट्रोल गाड्या चालवण्यावर निर्बंध आहेत. हवेची अवस्था पाहता त्याबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही. सुदैवाने २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती १० वर्षं चालते. रोजच्या वापराला गाडी नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यापुरती मुभा. मूळ रूप ही अट असल्याने डिझेल इंजिन टाकण्याचा मिस्त्रींचा आग्रह मी मोडून काढला.

कैलासचंद्रांनी गाड्यांखेरीजही बरीच कामं केली. १९४५-४६ मध्ये देशाच्या कोळसा खाणींचा अभ्यास करणाऱ्या सरकारी समितीचे ते अध्यक्ष होते. १९५१ मध्ये जगदीशचंद्र वारले. ज्यांनी शिकवलं ते भाऊ गेले आणि दोनच वर्षांनी, १९५३ मध्ये, के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट उभा राहिला. परदेशी उच्च शिक्षणासाठी तिथून बिनव्याजी कर्जाऊ शिष्यवृत्त्या दिल्या जातात. या दोन गोष्टींचा संबंध मी माझ्यापुरता जोडतो.

१९६३ मध्ये कैलासचंद्र गेले आणि मुलगा केशव अध्यक्ष झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, सप्टेंबर १९६५ मध्ये, खेमकरण भागात कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार अब्दुल हमीद उसाच्या शेतांच्या आडून जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ घेऊन पॅटन रणगाड्यांसमोर उभे राहिले. एक गोळा झाडायचा की लगेच जागा बदलायची. तोफेच्या मागे उडणारी धूळ ठिकाण दाखवून देते, म्हणून एका जागी थांबणं म्हणजे मरण. पोलादी कवच नसलेल्या त्या गाडीपाशी हलकेपणा आणि चपळाई एवढंच होतं. अब्दुल हमीद १० सप्टेंबरला त्याच जीपवर धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आलं.