सादी कार्नो : उष्णतेचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ

सोलापूरच्या गिरण्यांची धुराडी ज्या वाफेच्या यंत्रांसाठी उभी राहिली, त्या यंत्रांचा हिशेब एका फ्रेंच तरुणाने कितीतरी आधी मांडून ठेवला होता. त्याचे नाव सादी कार्नो. मी कला शाखेची विद्यार्थिनी. तरीही त्याचे चरित्र माझ्या मनाला चटका लावून गेले.

कार्नोचा जन्म १ जून १७९६ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील लाझार कार्नो हे फ्रेंच राज्यक्रांतीतील सेनानी व गणिती. फारसी कवी सादी याच्या नावावरून त्यांनी मुलाचे नाव ठेवले. एकोल पोलितेक्निकमध्ये शिकून सादी लष्करात अभियंता झाला. नेपोलियनच्या पराभवानंतर वडिलांना देश सोडावा लागला. १८२३ साली परमुलखातच त्यांचे निधन झाले.

वाफेच्या यंत्रांत इंग्लंड पुढे होते. अशा यंत्राकडून जास्तीत जास्त किती काम मिळेल, या प्रश्नावर कार्नोने १८२४ साली एक छोटे पुस्तक लिहिले. पाणी उंचावरून पडताना पाणचक्की फिरवते, तशी उष्णता तप्त भागाकडून थंड भागाकडे जाताना यंत्र चालवते, असे त्याने दाखवले. नुसती आग पुरत नाही, तापमानात फरक हवा. उष्णता हा एक प्रवाही पदार्थ आहे ही त्या काळची समजूत पुढे खोटी ठरली. पण त्याचा नियम टिकला.

आज हा हिशेब असा करतात. सेल्सिअस अंशांत २७३ मिळवायचे. समजा, बॉयलर १८० अंशांवर, म्हणजे ४५३. थंड भाग ४० अंशांवर, म्हणजे ३१३. फरक १४०. त्याला ४५३ ने भागले की सुमारे ०.३१ येतात. यंत्र कितीही निर्दोष असो, १०० भाग उष्णतेतून ३१ भागांहून अधिक काम मिळणार नाही.

माझे पणजोबा गिरणीत आगवाले होते. कोळसा फुकट घालवता म्हणून त्यांना बोलणी खावी लागत, असे घरी सांगतात. त्या कोळशाचा मोठा वाटा निसर्गनियमानेच वाया जात होता, हे बोलणाऱ्यांना कोणी सांगितले नव्हते.

कार्नोच्या पुस्तकाकडे त्याच्या हयातीत फारसे कोणी पाहिले नाही. २४ ऑगस्ट १८३२ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, पटकीच्या साथीत तो गेला. त्याचे बरेचसे कागदही नष्ट झाले. १८३४ साली क्लापेरोनने त्याचा विचार पुन्हा मांडला. पुढे केल्व्हिन व क्लॉसियस यांनी त्यावर उष्मागतिकीची इमारत उभारली. ती पाहायला कार्नो मात्र उरला नव्हता.