गळवाची नस ओळखणारे हकीम

स्पेनमधील कॉर्डोबाजवळच्या अझ-झहरा नगरीचे अबुल कासिम अल-झहरावी इ.स. 936च्या सुमारास जन्मले. हयातभराची हकिमी त्यांनी 'अत्-तसरीफ' या 30 भागांच्या ग्रंथात उतरवली. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा, सुमारे 200 हत्यारांच्या चित्रांसह.

मला त्यातले गळवाचे प्रकरण मोलाचे वाटते. रोगी घाबरू नये म्हणून पाते लपवलेली सुरी. गळू मोठे आणि रोगी म्हातारा किंवा अशक्त असेल, तर सगळा पू एकदम काढू नये, जीव जाईल, ही ताकीद. जलोदराचे पाणीही ते नळीतून बेताने सोडायला सांगत.

आज अतिदक्षता विभागात सोनोग्राफीत पाहून यकृताच्या गळवात बारीक नळी बसवतात. पू हळूहळू पिशवीत उतरतो. मोठी शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रोग्यालाही आशा असते.